बँकॉक बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बरीच वर्षं बँकॉकमध्ये राहतो. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ठाण्या-पुण्याहून फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. तिकिटांचे दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, तेवढं निघण्याआधी बघून घ्या. बाकी सगळं या शहरात पायी हिंडून जमवलेलं आहे.

मॉल आणि मसाज सोडून बँकॉकमध्ये बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी मला वाईट वाटतं. आपल्याकडची कितीतरी माणसं चार दिवस येतात, पिशव्या भरून परत जातात आणि नदीच्या काठचं जुनं शहर बघतच नाहीत.

1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी जाळली. त्यानंतर ताकसिन राजाने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला गादी मांडली. 1782 मध्ये पहिला राम गादीवर आला आणि त्याने राजधानी नदीपलीकडे पूर्व काठावर नेली. तेच आजचं बँकॉक. चक्री घराण्यातल्या राजांना आजही राम पहिला, राम दुसरा असंच म्हणतात. आताचे राजे दहावे राम आहेत.

बँकॉक हे नाव परदेशी लोकांचं. थाई माणूस शहराला 'क्रुंग थेप' म्हणतो, म्हणजे देवांची नगरी. पूर्ण नाव जगातल्या कुठल्याही गावाच्या नावापेक्षा लांब आहे. ते हळू म्हणून बघितलं तर मराठी कानाला शब्दामागून शब्द ओळखू येतात: महानगर, अमर रत्नकोसिंद्र, महेंद्र अयोध्या, नवरत्न राजधानी, पुरीरम्य, उत्तम राजनिवेशन, महास्थान, अमर विमान, अवतार स्थित, शक्रदत्त, विष्णुकर्म, प्रसिद्धी. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली नगरी, असा त्याचा मथितार्थ. माझ्या शेजारच्या आजींनी हे नाव मला पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मी त्यांना मधेच थांबवून 'राजधानी' हा शब्द परत म्हणायला लावला. त्या म्हणाल्या 'रात्चथानी'. उच्चार बदललेला होता, शब्द आपलाच होता.

एकदा कान असे उघडले की शहर वेगळं दिसायला लागतं. स्टेशनला 'सथानी', विद्यापीठाला 'महाविथयालय', जेवणाला 'आहान'. चुलालोंगकोर्न हे राजाचं नाव म्हणजे चूडालंकरण, वजिरावुध म्हणजे वज्रायुध, भूमिबोल म्हणजे भूमिबल. देवळाला 'वाट' म्हणतात. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आपला 'वाडा' त्यातूनच आला, आणि थाई शब्दही तिथूनच आल्याचं सांगतात.

किती दिवस पुरतील?

शहरासाठी पूर्ण तीन दिवस, अयुथयासाठी एक. पट्टायाचं पॅकेज घेतलंत तर बँकॉकच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि त्यातला अर्धा बसमध्ये जातो. कमी दिवस असतील तर पट्टाया गाळा असं मी सांगेन.

ग्रँड पॅलेसचं तिकीट 500 बाथ, एवढे पैसे द्यावेत का?

द्यावेत. बाथचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा, म्हणजे चौघांच्या घराला हे तिकीट जाणवतं हे मला कळतं. पण एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर ते इथे घाला. सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हा हजर राहा. दहानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही सोसवत नाही. तिकीट विक्री दुपारी साडेतीनला बंद होते.

आवारातच वाट फ्रा केओ आहे, म्हणजे हिरव्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती पाहून काहीजण हिरमुसतात, कारण ती फक्त 66 सेंटिमीटर उंच आहे आणि खूप वर बसवलेली आहे. पाचूबुद्ध म्हणत असले तरी ती पाचूची नाही, एकसंध हिरव्या दगडाची आहे. तिची गोष्ट ऐकून आत गेलं तर मन लागतं. 1434 मध्ये चियांग राय इथल्या एका स्तूपावर वीज पडली आणि आतून ही मूर्ती निघाली असं मानतात. पुढे ती लाओसमधल्या व्हिएन्तिआनला गेली आणि 1779 मध्ये तिथून इकडे आणली गेली. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी तिला तीन वस्त्रं आहेत. ऋतू बदलला की राजा स्वतः ती बदलतो. पंढरपुरात थंडीच्या दिवसांत विठोबाला उबदार कपडे चढवतात, ते ज्याने पाहिलंय त्याला यातली माया लगेच कळेल. आत फोटो काढायला मनाई आहे. जमिनीवर पाय मागे दुमडून बसा आणि पाच मिनिटं नुसतं बघा.

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ देवळाभोवतीच्या ओवऱ्यांची आहे. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांमध्ये अख्खं रामाकिएन रंगवलेलं आहे. रामाकिएन म्हणजे रामकीर्ती, थाई रामायण. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करा. तिथे जनक राजाला नांगरताना सीता सापडते. मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे चालत राहा. बरेच गाईड ही ओवरी दोन मिनिटांत उरकतात. तुम्ही एक तास काढा.

तिथला हनुमान आपल्या मारुतीपेक्षा इतका वेगळा का?

ओवरीत फिरताना हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येतोच. इथला हनुमान पांढराशुभ्र, अंगभर दागिने घातलेला आणि चक्क प्रेमात पडणारा आहे. सेतू बांधताना समुद्रातल्या मासळ्या दगड पळवतात. त्यांची राणी सुवन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या, ही रावणाची मुलगी. हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्यावरच भाळतो. त्यांचा मुलगा मच्छानु.

तालमीच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेल्या ब्रह्मचारी मारुतीला नमस्कार करून मोठ्या झालेल्या माणसाला हे खटकतं. माझ्या सासऱ्यांना खटकलं होतं. पण अहिरावण-महिरावणाची गोष्ट आठवा. राक्षस राम-लक्ष्मणाला पाताळात पळवून नेतो, मारुती मागे जातो आणि दाराशी त्याची गाठ पडते ती स्वतःच्याच मुलाशी, मकरध्वजाशी. हाच प्रसंग ओवरीत रंगवलेला आहे. इथे राक्षसाचं नाव मैयराब आणि पोराचं मच्छानु. रामाला वाचवण्यासाठी हनुमान डोंगराएवढा होतो आणि रामाचा सगळा मंडप जबड्यात धरून पहारा देतो. ते चित्र शोधाच: उघडं तोंड, आत सोनेरी छप्पर, सभोवती वानरांचा पहारा. सासरे त्या चित्रासमोर उभे राहून नातवाला आमच्या गावाकडची गोष्ट सांगत होते आणि पोरगा भिंतीकडे बोट दाखवून ती ताडून बघत होता. शेकडो वर्षांत गोष्टींनी समुद्र ओलांडला आणि त्या इथल्या मातीत रुजल्या. कुठली खरी, कुठली बिघडलेली, असा हिशेब करत बसू नका.

महालाच्या तिकिटात 'खोन' या मुखवटानाट्याचा छोटा प्रयोगही असतो. जवळच्या सलाचलेम्क्रुंग नाट्यगृहात होतो. वेळ तिकीट खिडकीवर विचारा. ओवरी बघून झाल्यावर गेलात तर दशकंठ, म्हणजे रावण, आणि हनुमान पात्रं म्हणून रंगमंचावर येताच ओळखू येतील.

कपड्यांचे नियम खरंच इतके कडक आहेत?

ग्रँड पॅलेसमध्ये हो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँट, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स चालत नाही. वर नुसती ओढणी घेऊनही सोडत नाहीत. पुरुषांनी सुती पूर्ण पँट, बायकांनी सलवार-कुर्ता किंवा लांब स्कर्ट. साडी उत्तम. चप्पल-बूट सहज निघतील असे, कारण प्रत्येक देवळाबाहेर काढायचे असतात.

'आज पॅलेस बंद आहे' असं कोणी सांगितलं तर?

विश्वास ठेवू नका. फाटकापाशी चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस येतो. आज बौद्ध सण आहे, दुपारपर्यंत बंद आहे, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने तीन देवळं दाखवतो, असं सांगतो. माझी मावशी आणि काका असेच एका टुकटुकात बसले. एक देऊळ झालं आणि पुढचे अडीच तास जवाहिऱ्यांची दुकानं. नीलम म्हणून घेतलेला खडा ठाण्याच्या सराफाने हातात घेऊन लगेच परत केला. पैशांपेक्षा मावशीला त्या दिवशीचा पॅलेस हुकल्याचं दुःख जास्त झालं, कारण रात्री विमान होतं. फाटक उघडं आहे की नाही ते फाटकापर्यंत चालत जाऊन स्वतः बघा.

वाट फो आणि वाट अरुण एकाच दिवशी होतील?

सहज. पॅलेसपासून वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. देऊळ त्याच्याभोवती इतकं बेताचं आहे की पूर्ण मूर्ती एका नजरेत मावत नाही, चालत चालतच बघावी लागते. तळव्यांवर मोतीशिंपल्याच्या तुकड्यांत 108 शुभचिन्हं जडवलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे ओळीने 108 काशाची भांडी मांडली आहेत. वीसेक बाथ देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. टिण, टिण, टिण असा आवाज सतत घुमत असतो. डोळे मिटले तर जपमाळेचे मणी ओढल्यासारखं वाटतं. आमच्या मुलीने नाणी कमी पडली म्हणून पाठीमागच्या अनोळखी बाईंकडून चार मागून घेतली आणि 108 पूर्ण केली.

थाई मसाजची मूळ शाळा याच आवारात आहे. देवळातल्या जुन्या शिलालेखांवर अंगातल्या नाड्यांचे नकाशे कोरलेले आहेत. मसाज घ्यायचाच असेल तर इथे घ्या.

वाट फोच्या मागे था तियेन धक्का आहे. तिथून पाच बाथमध्ये होडी नदीपलीकडे वाट अरुणला सोडते. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. दुरून तिथला उंच मनोरा फिकट दिसतो. जवळ जाऊन हातभर अंतरावरून नीट बघा. सगळ्या भिंतीवर चिनी मातीच्या बशांचे तुकडे बसवलेले आहेत: कुठे निळ्या वेलीचा काठ, कुठे अर्धं फूल, कुठे आख्खी बशीच फुलाचा गाभा झालेली. चीनमधून येणाऱ्या जहाजांत तोल राखायला भरलेली ही भांडी इथे अशी कामी आली. मनोऱ्याच्या वरच्या कोनाड्यांत तीन सोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र आहे. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच प्रदक्षिणा घालावी. संध्याकाळी परत था तियेनला या आणि सूर्य मनोऱ्यामागे उतरताना बघा.

गर्दी नसलेली, पण चुकवू नये अशी ठिकाणं?

माझी पहिली पसंती राजनौकांचं संग्रहालय. बँकॉक नोई कालव्याच्या काठी मोठ्या शेडमध्ये राजाच्या मिरवणुकीच्या नौका ठेवल्या आहेत. मुख्य नौका सुफन्नहोंग, म्हणजे सुवर्णहंस. 1911 मध्ये पाण्यात उतरवलेली, सुमारे 46 मीटर लांब, सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. तिला वल्हवायला 50 माणसं लागतात. हंसाच्या चोचीतून झुपका आणि स्फटिकाचा गोळा लोंबतो. शेजारी गरुडावर बसलेल्या नारायणाची नौका आणि सात फण्यांच्या अनंत नागराजाची नौका. आत पोहोचायला वस्तीतल्या अरुंद बोळांतून जावं लागतं. लोकांच्या उघड्या दारांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून. म्हणूनच बसवाले तिथे येत नाहीत. कोकणातल्या घरी नारळी पौर्णिमेला होडी सजवताना पाहिलेल्या माणसाला इथून पाय निघणार नाही.

दुसरं लोहप्रासात, वाट राचनद्दा या देवळातला लोहप्रासाद. पूर्वी काळे, आता सोनेरी दिसणारे धातूचे 37 कळस, बौद्ध धर्मातल्या बोधीच्या 37 अंगांचे. आत मधोमध लाकडी गोल जिना वर जातो. समोरच वाट साकेतची सोन्याची टेकडी. चढ सोपा, वळणावळणाचा, वाटेत घंटा. वरच्या स्तूपात बुद्धाचे अवशेष आहेत. ते 1898 मध्ये आपल्याकडे, आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथल्या उत्खननात मिळाले आणि ब्रिटिश सरकारने ते राजा चुलालोंगकोर्नला दिले. भारतातून आलेल्या माणसाने इथे एकदा माथा टेकावाच, असं मला मनापासून वाटतं.

चायनाटाऊनजवळ वाट त्राइमितमध्ये साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध आहे. तो शतकानुशतकं गिलाव्याखाली दडलेला होता. 1955 मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं.

राष्ट्रीय संग्रहालयाला सोमवारी आणि मंगळवारी सुट्टी असते. राजघराण्यातल्या अंत्ययात्रेचे प्रचंड लाकडी रथ तिथे बघा.

गणपती कुठे आहे?

जवळजवळ सगळीकडे. थाई लोक त्याला 'फ्रा फिखनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. तो इथे कलेचा देव आहे. ललित कला खात्याच्या बोधचिन्हात गणपती आहे आणि शिल्पाकॉर्न कलाविद्यापीठाच्याही. परीक्षेआधी चित्रकलेची पोरं त्याच्यापुढे उदबत्ती लावताना मी पाहिली आहेत. सेंट्रल वर्ल्ड मॉलसमोर त्याचं उघड्यावरचं स्थान आहे, शेजारी त्रिमूर्ती. हुआय ख्वांगच्या चौकातही मोठं स्थान आहे. पुढ्यात केळी, नारळ, मिठाई आणि लाल सरबताच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. मी दर चतुर्थीला दुर्वांऐवजी तिथलं कमळ वाहते.

सेंट्रल वर्ल्डजवळच एरावन ब्रह्मा आहे. 1956 मध्ये एका हॉटेलचं बांधकाम चालू असताना अपघात होऊ लागले म्हणून हे चतुर्मुख ब्रह्म्याचं स्थान उभारलं. भारतात ब्रह्म्याची देवळं बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे भर चौकात, आकाशगाडीच्या, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या स्काय ट्रेनच्या, रुळांखाली त्याच्यापुढे झेंडूच्या माळांचे ढीग. नवस फेडायला लोक तिथल्या नर्तकींना पैसे देऊन नाच करवून घेतात. 2015 मध्ये इथे बॉम्बस्फोट होऊन 20 माणसं गेली. दोन दिवसांत लोक परत पूजेला उभे होते.

जुन्या शहरात महाझोपाळा आहे, वीस मीटरपेक्षा उंच लाल सागवानी खांब. पौषाच्या सुमारास शिवाच्या स्वागतासाठी ब्राह्मण त्यावर झोके घेत. अपघात होऊ लागले म्हणून झोका 1930 च्या दशकात थांबला, पण सोहळा पलीकडच्या देवस्थान मंदिरात अजून होतो. दरबारी ब्राह्मण त्यात म्हणतात ती स्तोत्रं मुळात तमिळ आहेत, तिरुवेंपावै. सिलोमला तमिळ लोकांनी 19 व्या शतकात बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे. फाहुरात या भारतीय वस्तीत सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, लंगरमध्ये गरम जेवण मिळतं.

फिरायचं कसं?

नदीने. आकाशगाडीने सफान ताकसिन स्टेशनला उतरा, खाली साथॉर्न धक्का. नारिंगी झेंड्याची बोट घ्या, वीस बाथच्या आत तिकीट. ती जुन्या शहराच्या सगळ्या धक्क्यांवर थांबते. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट महाग आहे आणि रस्ता तोच. भुयारी मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाट फोच्या अगदी जवळ आहे, आणि ते स्टेशनच राजवाड्यातल्या दालनासारखं सजवलंय. टॅक्सीला मीटर टाकायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरी बघा किंवा ॲपवरून मागवा. टुकटुकमध्ये एकदा मुलांच्या हौसेसाठी बसा, भाव आधी ठरवून.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण एवढं लक्षात ठेवा की भाजीतही मासळीचं पाणी, 'नाम प्ला', पडतं. पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं, आपल्याला ते 17 च्या आकड्यासारखं दिसतं, तर ते 'जे' दुकान. तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. 'किन जे' म्हणा. शाकाहारासाठी दुसरा शब्द 'मंगसविरत' आहे, म्हणजे मांसविरत. आईला हा शब्द एकदा सांगितला, तो तिला आजतागायत पाठ आहे.

रस्त्यावर 'खनोम क्रोक' नक्की खा. नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे, हुबेहूब आपल्या आप्पेपात्रात करतात. बाई झाकण उचलते, दोन अर्धुकं चमच्याने एकमेकांवर ठेवते आणि केळीच्या पानाच्या द्रोणात देते. आंब्याच्या दिवसांत चिकट भात आणि आंबा. वर नारळाचं खारट दूध. हापूसवाल्यांनी तुलना करू नये, चव वेगळी आहे आणि फार छान आहे.

फ्लोटिंग मार्केट कुठलं?

दाम्नोएन सादुआक शंभर किलोमीटरवर आहे, तिथे आता होड्यांपेक्षा पर्यटक जास्त. शनिवार-रविवार मोकळा असेल तर शहरातच तालिंग चान किंवा ख्लोंग लात मायोम बघा. तिथे थाई कुटुंबं जेवायला येतात. अम्फवा शुक्रवार ते रविवार संध्याकाळी असतं, काजवे बघायला होडी मिळते.

वयस्कर आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर आहेत, काय जमेल?

सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर विश्रांती, संध्याकाळी नदी. याहून जास्त बेत आखू नका, उकाडा माणसाला थकवून टाकतो. मुलांना लुंफिनी बागेत न्या. नाव लुंबिनीवरून. तळ्याच्या काठी दोन-दोन मीटर लांबीच्या घोरपडी निवांत ऊन खात पडलेल्या असतात. तानाजीच्या यशवंती घोरपडीची गोष्ट ऐकलेल्या मुलांना तिथून ओढून न्यावं लागतं. जवळ जाऊ देऊ नका, खायला घालू नका.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे फार उकाडा, सप्टेंबर-ऑक्टोबरला जोराचा पाऊस. सणासाठी यायचं तर दोन वेळा सांगते. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे संक्रांत. आपली मकरेची, यांची मेषेची. त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात, आणि मग रस्त्यावर सगळं शहर एकमेकांना भिजवतं. दुसरं लोई क्राथोंग, साधारण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं-फुलं, मेणबत्ती आणि उदबत्ती लावून नदीत सोडतात. वाईला कृष्णेच्या घाटावर दिवे सोडलेल्या बाईला इथे परकं वाटणार नाही.

अयुथया एका दिवसात?

हो. शहराच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटर, साधी रेल्वे अगदी स्वस्त. उतरल्यावर सायकल भाड्याने घ्या. 1991 पासून जागतिक वारसा. वाट महाथातमध्ये पिंपळकुळातल्या झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्याबरोबर फोटो काढताना खाली बसायचं असतं, आपलं डोकं त्याच्या डोक्यापेक्षा वर नको. संध्याकाळी वाट चायवत्तनारामला नदीकाठी थांबा. ज्या गावाचं नाव अयोध्या ठेवलं ते 1767 मध्ये जळालं, विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत.

कोणत्या चुका टाळाव्यात?

राजघराण्याबद्दल थट्टा किंवा टीका नको, कायदा कडक आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं, जिथे आहात तिथे उभे राहा. बुद्धाकडे पाय करून बसू नका. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तू द्यायची तर खाली ठेवावी. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवण्याची आपली सवय इथे आवरती घ्या. ई-सिगारेट बॅगेत नको, बंदी आहे. बुद्धाची मूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी ललित कला खात्याचा परवाना लागतो. विमानात चढण्याआधी ऑनलाइन आगमन-अर्ज भरा, तो फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी.

परतीच्या दिवशी विमानतळावर किती आधी जावं?

तीन तास. सुवर्णभूमी विमानतळावर, थाई माणूस 'सुवन्नफूम' म्हणतो, पासपोर्ट तपासणीच्या पुढे समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे. एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मधे वासुकी, खाली कूर्म आणि वर विष्णू. बहुतेक प्रवासी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही मुलांना घेऊन भोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक चेहरा कोणाचा ते विचारा. तेवढ्यासाठी वीस मिनिटं हातात ठेवा.